साफ केलेले गुर्दे

आमच्या तांड्यावर कोणाकडे पाहुणा आला की माझी ओळख करून द्यायची एक ठरलेली रीत आहे. "हे किसनभाऊ आडे. यायनं मोठमोठ्या डॉक्टरायले ऑपरेशन शिकवलं." पाहुणा मग मला वरपासून खालपर्यंत बघतो. बारावी नापास वाटणारा (आणि असलेला) हा म्हातारा डॉक्टरांना काय शिकवणार, हे त्याच्या तोंडावर स्वच्छ दिसतं. तो विचारतो, "काय शिकवलं जी?" मी सांगतो, "बकऱ्याचा गुर्दा साफ कराले." सगळे हसतात, मीही हसतो. पण त्यांतल्या कोणालाच हे माहीत नाही की मी तेच चुकीचं शिकवलं होतं, आणि त्यापायी एका भल्या माणसाला दुसऱ्यांदा ऑपरेशनच्या टेबलावर जावं लागलं. आज तेच सांगायला बसलो आहे.

यवतमाळच्या बाहेर एका ट्रस्टची प्रयोगशाळा आहे. नाव सांगत नाही. नाव सांगितलं की लोक साखर तपासायला येऊन उभे राहतात, आणि तिथं माणसाचं काहीच तपासत नाहीत. तिथं डॉक्टर सराव करतात. एकाची किडनी काढून दुसऱ्याला बसवायची, ही शस्त्रक्रिया शिकणारे डॉक्टर. त्यांना फेलो म्हणतात. हे काही कॉलेजातले पोट्टे नसतात. पोट उघडून शिवायला ते आधीच शिकलेले असतात, कोणाकोणाचे केसही पांढरे व्हायला लागलेले असतात. खरी ऑपरेशनं नागपूरला व्हायची आणि सराव आमच्याकडे. माणसावर हात बसवायचा नसतो, म्हणून बकऱ्यावर बसवायचा. जिवंत बकऱ्यावर नव्हे हो, खाटकाकडून आणलेल्या गुर्द्यावर.

तो गुर्दा आणायचं काम माझं. सकाळी बर्फाची पेटी स्कूटरला बांधून मी युसूफभाईच्या दुकानावर जायचो. पहिल्या दिवशी त्यानं मला गुर्दे दिले ते मटणवाल्यासारखेच, शिरा बुडापासून उडवलेले. आमच्या मोठ्या सरांनी, म्हणजे डॉक्टर वानखडे सरांनी, ते बघून कपाळावर हात मारला. "किसन, याला जोडायला नळीच ठेवली नाही. हे काय चुलीवर ठेवू?" मग मी युसूफभाईला रक्ताची नळी, लघवीची नळी, सगळं समजावून सांगितलं, की दोन्ही गुर्दे मधल्या जाड नळीसकट एकत्र काढायचे.

युसूफभाई सुरी पुसत म्हणाला, "किसनभाऊ, पस्तीस साल से काटतो मी. आज पहिल्यांदा कोणी मले सांगून राह्यला का कसं काटाचं."

"डॉक्टरायच्या कामाचं हाय, भाई."

"मंग डॉक्टरायलेच बोलाव. मी शिकवतो त्यायले."

पण माणूस दिलदार. दोन दिवसांत त्याला असं जमलं की सर म्हणाले, हा माणूस आपल्याकडे हवा होता. अडचण एकच झाली. त्याचे जुने गिऱ्हाईक गुर्द्याचे शौकीन होते, आणि आता रोजचे सगळे गुर्दे माझ्या पेटीत. एका रविवारी एका रिटायर फौजदारानं मला दुकानासमोरच धरलं. "तूच काय तो गुर्दे पळवणारा?" मी म्हटलं, "साहेब, शिक्षणासाठी नेतो." तो म्हणाला, "मी बी शिक्षणासाठीच नेतो. माह्या बायकोले अजून बनवता येत नाही." त्या दिवशी एक जोडी त्याला सोडावी लागली.

तांड्यावर गेलो की याडी, म्हणजे माझी आई, विचारायची, "कांई लायो रे?" काय आणलंस? आमचे वाडवडील बैलांच्या पाठीवर मीठ-धान्य लादून मुलूखभर फिरणारे, त्याला आम्ही लदेणी म्हणतो. याडीला त्या गोष्टी तिच्या आजानं सांगितलेल्या. मी स्कूटरवरून बर्फात गुर्दे वाहतो हे कळल्यावर ती पदर तोंडाला लावून हसत सुटली. म्हणाली, "लदेणी काई सुटली नाई तुही."

आता काम समजून घ्या, म्हणजे पुढचं समजेल. गुर्दा बाहेर काढला की त्याचा जीव वाचवायचा तो थंडाव्यानं. रक्ताच्या नळीतून गार औषधी पाणी सोडायचं, आतलं रक्त धुऊन जातं, आणि विटकरी रंगाचा गुर्दा बिस्किटासारखा फिका होतो. मग तो पाण्याच्या पिशवीत, ती पिशवी दुसऱ्या पिशवीत, आणि मग बर्फ. थेट बर्फावर ठेवला की गोठून वाया जातो. पुढं तो बसवण्याआधी डॉक्टर बर्फावर ठेवलेल्या ताटात, गार पाण्यातच, त्याच्याभोवतीची चरबी काढून नळ्या मोकळ्या करतात. मग शिवण. केसापेक्षा बारीक धागा, डोळ्यांवर दुर्बिणीसारखा चष्मा. मी घड्याळ घेऊन बाजूला उभा. गुर्दा बर्फातून बाहेर आला की मी वेळ पुकारायचो. "वीस मिनिटं... पंचवीस मिनिटं, मॅडम!" एका फेलोनं एकदा वैतागून म्हटलं होतं, "किसनभाऊ, तुम्ही एस.टी. स्टँडवर का नाही लागलात?" शिवण झाली की गोळेवाल्याचा लाल रंग पाण्यात कालवून पंपानं आत सोडायचा. कुठं थेंब दिसला की गळती. सायकलच्या ट्यूबचं पंक्चर बघतात, तसंच ते. फरक एवढाच की ट्यूब फाटली तर माणूस पायी जातो.

आता माझी खोड सांगतो. मला घाण बघवत नाही. हे याडीचं. आमच्या महागावकडच्या शेतात कापूस वेचायला ती आम्हाला न्यायची आणि सांजच्याला प्रत्येकाची ओटी उलटी करून बघायची. कापसात एक वाळकं पान दिसलं, एक काडी दिसली, तर पाठीत धपाटा. "कापूस आणतं का कचरा?" माझी ओटी नेहमी दुधासारखी. भावांना धपाटे पडायचे तेव्हा मी बाजूला साळसूदासारखा उभा राहायचो. ती हाताची सवय गेली नाही ती नाहीच.

म्हणून गुर्दे आले की ते तसेच चरबीचे गोळे फेलोंच्या ताटात ठेवणं माझ्या जिवावर यायचं. शिकलेले लोक, लांबून आलेले, आणि त्यांच्यासमोर असला गचाळ माल ठेवायचा? मी सकाळी लवकर येऊन सगळी चरबी काढायचो. बारीक चिमटा, बारीक कात्री, आणि हात आपला कापसावरचा. सगळ्यांच्या आधी ताटं मांडलेली असायची, एकाच मापाची, एक मोठी धमनी, एक शीर, एक लघवीची नळी, बाकी गुर्दा लख्ख. नवे फेलो बघतच राहायचे. मोठे सर एकदा नागपूरच्या पाहुण्यांना म्हणाले, "असे साफ गुर्दे तुम्हाला देशात कुठं मिळणार नाहीत. किसनची कला आहे ती." मी त्या दिवशी घरी जाऊन शेवंताला, माझ्या बायकोला, ते वाक्य दोनदा ऐकवलं. तिसऱ्यांदा ऐकवायला गेलो तर ती म्हणाली, "आता गुर्द्यासंगच लगन करा."

बरीच वर्षं असंच चाललं.

मग मृणाल मॅडम आल्या. डॉक्टर मृणाल सबनीस, पुण्याच्या. बोलणं छापल्यासारखं स्वच्छ, आणि आमचं बोलणं ऐकून पहिल्या आठवड्यात घाबरलेल्या. मी एकदा म्हटलं, "मॅडम, कायले टेन्शन घेऊन राह्यल्या?" तर म्हणाल्या, "किसनभाऊ, मी कुठं राहिले?" पण हात? असा हात मी बघितला नाही. बाकीच्यांच्या शिवणीतून रंगाचं पाणी कारंज्यासारखं उडायचं, यांची शिवण पंप पूर्ण सोडला तरी कोरडी. वेळही वीस मिनिटांच्या आत. रोज जास्तीचे दोन गुर्दे मागायच्या, मी आणून द्यायचो. युसूफभाई विचारायचा, "तुमची पुण्यावाली आज किती खानार?" दोन महिन्यांनी सर म्हणाले, ही तयार झाली. त्या नागपूरला गेल्या. जाताना मला वाकून नमस्कार केला. मी मागं सरलो, पण मनातून फुगलो, खोटं कायले बोलू.

पाच-सहा महिन्यांनी, एका गुरुवारी, त्या परत आल्या. त्यांचा तो दुर्बिणीचा चष्मा आमच्या कपाटात राहिला होता, तो न्यायला. गुरुवारी मोठे सरही आमच्याकडे असायचे. मॅडमचा चेहरा बघून मला वाटलं घरी कोणी गेलं.

"मॅडम, बरं हाय ना?"

"किसनभाऊ, मी हे काम सोडतेय. सरांना पत्र द्यायला आलेय. तो चष्मा असू द्या तुमच्याकडंच, कोणाला तरी लागेल."

मी स्टूल पुढं केलं. त्यांनी जे सांगितलं ते असं. कळंबचे एक शाळामास्तर. त्यांच्या मोठ्या बहिणीनं त्यांना किडनी दिली. ती किडनी ताटात साफ करायला पहिल्यांदाच एकट्या मॅडमना दिली होती. बहिणीच्या किडनीला मोठी धमनी होतीच, पण खालच्या टोकाला आणखी एक होती, निरांजनाच्या वातीएवढी, चरबीत बुडालेली. आधीच्या फोटोतही ती नीट दिसली नव्हती. लघवीच्या नळीला रक्त जातं ते तिच्यातूनच. मॅडमनी ती चरबीचा धागा समजून कापली. किडनी बसली, चालू झाली, सगळे खूश. आठवड्यानंतर लघवीच्या नळीचं टोक काळं पडून पोटात गळायला लागलं. मास्तरांना पुन्हा टेबलावर घ्यावं लागलं. जीव वाचला, किडनीही वाचली, पण माणूस महिन्यापासून खाटेला खिळलेला.

"बहिणीनं दिली होती हो," त्या म्हणाल्या. "म्हातारी बाई. स्वतःच्या जखमेवर हात ठेवून रोज मला विचारते, माझी खराब निघाली का? आणि मला कळतच नाही मी ती कापली कशी. मी इतक्या किडन्या हाताळल्या इथं, एकदाही मला अशी धमनी लागली नाही."

त्या सरांच्या खोलीकडे गेल्या. मी तिथंच उभा. त्यांचं शेवटचं वाक्य माझ्या डोक्यात असं रुतलं की विचारू नका. एकदाही लागली नाही. का लागली नाही?

पाय आपोआप कोपऱ्यातल्या पिवळ्या पिशवीकडे गेले. सकाळी काढलेली चरबी तीत होती, बारा गुर्द्यांची. मी ती मोठ्या ताटात ओतली, दिव्याखाली घेतली, मॅडमचा तो चष्मा डोळ्यांवर चढवला. नकोसं वाटत होतं, पण चिमट्यानं गोळा गोळा पसरत गेलो. पहिल्या चार-पाचात काही नाही. मग एकात एक बारीक, पांढरी, पोकळ काडी. सुईनं पाणी सोडलं, पलीकडून निघालं. धमनी. पुढं आणखी एका गोळ्यात दुसरी. त्याच सकाळी माझ्या हातानं कापलेल्या. बारा गुर्द्यांत दोन! मग इतक्या वर्षांत किती? त्या पोरीनं चरबीत धमनी शोधावी कशी? तिच्या ताटात चरबी मी कधी येऊच दिली नव्हती. शिकायची तीच जागा मी रोज सकाळी कात्रीनं कापून पिशवीत टाकत होतो, आणि वर शाबासकी घेत होतो.

मनात एक चोर विचार आलाच. गप बस किसन. तुले कोण विचारते? पेशंट तुह्या हातचा नाही, ती पुण्याची, आज जाईल, कोणाले काय पत्ता. खरं सांगतो, मिनिटभर मी ते ताट परत पिशवीत ओतायला उचललंही होतं. पण उचलल्यावर मॅडमनी सांगितलेली ती म्हातारी डोळ्यांपुढं आली, माझी खराब निघाली का म्हणणारी, जिला मी कधी बघितलंही नव्हतं. मी ताट घेऊन तसाच सरांच्या दारात गेलो.

सर टेबलामागं, मॅडम समोर, मध्ये पत्र. सर म्हणत होते, "साध्या सर्जरीत परत जाणं यात कमीपणा काही नाही, मृणाल."

"सर, मले बोलाचं हाय."

"किसन, नंतर."

"नंतर नाही जी. आत्ताच." आणि मी चरबीचं ताट सरांच्या कागदांवर ठेवलं. "मॅडमची चूक नाही सर. माही हाय. मी गुर्दे साफ करून देतो. या धमन्या मीच काटतो रोज. त्यायच्या ताटात त्या आल्याच नाही, तं दिसन कशा?"

सरांनी चिमटा घेतला आणि त्या दोन काड्या उलट्यासुलट्या करून बघितल्या. मला वाटलं मॅडमना हायसं वाटेल. कसलं काय! त्या उठून उभ्या राहिल्या आणि माझ्यावरच तापल्या.

"किसनभाऊ, कात्री माझ्या हातात होती. तुमच्या नाही. मला कोणी घाई केली नव्हती. चरबीत काय आहे हे न बघता मी कापलं. माझी चूक तुम्ही उचलून नेऊ नका. तेवढी एकच गोष्ट आता माझ्याजवळ उरलीय."

इतकं बोलल्यावर त्यांचे डोळे भरून आले, माझेही. सर मग हळूच म्हणाले, "भांडू नका दोघं. किसननं साफ केले, बरोबर. पण पाहुण्यांपुढं मिरवले कोणी? मी. आपण तिघांनी मिळून ती धमनी कापलीय." मग पत्राची घडी घालून त्यांनी ते खणात टाकलं. "हे मी वाचलेलं नाही. मृणाल, पन्नास गुर्दे कर. जसे खाटकाकडून येतात तसे. पन्नासावा झाल्यावर पत्र हवं असेल तर मागून घे. आणि किसन, तू कात्रीला हात लावायचा नाही."

ती शिक्षा मॅडमपेक्षा मला जड गेली. माझ्यासमोर तो गचाळ माल ताटात पडायचा आणि माझी बोटं शिवशिवायची. मॅडमना एकेक गुर्दा साफ करायला तास-तास लागायचा. आधीचा वेग पार गेला. पहिल्या दहांत त्यांनी दोन बारीक धमन्या कापल्या, आणि प्रत्येक वेळी चिमटा खाली ठेवून बाहेर व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. मी चहा घेऊन मागं जायचो. तेव्हा घड्याळ पुकारायचं मी बंद केलं होतं. माझी मला एवढीच अक्कल सुचली.

मध्येच एका रविवारी मी त्यांना म्हटलं, "मॅडम, मले मास्तराले भेटाचं हाय." त्या नको म्हणाल्या, मग हो म्हणाल्या. नागपूरला वॉर्डात गेलो. मास्तर उशीला टेकून पेपर वाचत होते, वाळलेले, पण आवाज वर्गातला. बहीण बाजूला लुगड्याचा पदर डोक्यावर घेऊन बसलेली. मॅडमनी त्यांना आधीच सगळं खरं सांगितलेलं होतं. मास्तरांनी मला विचारलं, "तुमी कोण जी?"

"मी बकऱ्याचे गुर्दे साफ करतो."

मास्तरांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "मंग माह्याकडं कायले आले?"

मी सांगितलं. अडखळत, पण पूर्ण. बहीण घाबरून एकदा माझ्याकडे, एकदा मास्तरांकडे बघत होती. मास्तर ऐकत होते. शेवटी म्हणाले, "म्हंजे तुमी पोट्ट्यायची गणितं फळ्यावर सोडवून देत होते. ते वहीत उतरवून घेत."

"हव जी. तसंच."

"अन् परीक्षेत आलं तं बोंबलले."

"हव जी."

मास्तर हसायला लागले आणि पोटावर हात दाबून "आई गं" म्हणाले. "अवो, मी बी तेच केलं, सारी नौकरी. पोरगं अडलं का मले बघवे नाही, खडू घेतला का सोडवून मोकळा. हेडमास्तर म्हणे, तुमच्या वर्गाच्या वह्या काय सुंदर!" मग बहिणीकडे वळून म्हणाले, "ऐकलं का बाई? तुही खराब नव्हती. त्याच्यात एक नळी जास्तीची होती. दोन नळायचं पाणी होतं तुह्याकडं."

बाईनं पदरानं डोळे पुसले आणि मॅडमच्या हाताला धरून जवळ बसवलं. मला म्हणाली, "भाऊ, आता घाणच देत जा यायले." मी म्हटलं, देतो.

आणि दिली. तिथून पुढं आमच्या प्रयोगशाळेची रीतच बदलली. गुर्दा येईल तसा ताटात. एवढ्यावर माझं भागेना. मी सरांना म्हटलं, निसर्गाच्या भरवशावर कायले राहाचं? सरांच्या परवानगीनं मी सुई हातात घेतली. दुसऱ्या गुर्द्याची बारीक धमनी कापून, खालच्या टोकाशी, चरबीच्या आत, अशी शिवायची की कोणालाही कळू नये. कोणत्या दिवशी, कोणत्या ताटात, ते माझं मला ठाऊक. महिन्यातून कधी दोन, कधी एकही नाही. फेलो चहाच्या वेळी माझ्या तोंडाकडे बघून अंदाज काढायला बघायचे. एक मद्रासकडचा डॉक्टर तर मला रोज विचारायचा, "किसनभाऊ, आज हाय का?" तेवढीच मराठी तो शिकला. मी म्हणायचो, "असन बी, नसन बी." आमच्याकडे हे वाक्य फेलोंनी भिंतीवर लिहून ठेवलं, अजून असेल.

मृणाल मॅडमचा पन्नासावा गुर्दा मला चांगला आठवतो. त्यात मी काही शिवलं नव्हतं. तरी त्यांनी खालच्या बाजूची चरबी तासभर निरखली, लघवीच्या नळीला लागून असलेला चरबीचा तिकोनी तुकडा तसाच राखला (नळीला रक्त नेणारे बारीक धागे त्यातच असतात, डोळ्यांना दिसोत न दिसोत), चिमटा खाली ठेवला, आणि हात धुऊन सरांकडे गेल्या. मी दाराबाहेर कान लावून उभा. (लाज कसली त्यात?) आतून आवाज आला, "सर, पत्र?" सर म्हणाले, "खणात आहे. हवंय?" खण करकरत उघडला. मग मॅडम म्हणाल्या, "फाडायला हवंय." मी दारापासून सरकलो आणि उगाच बर्फाची पेटी धुवायला घेतली. धुतलेलीच होती.

मागच्या साली मी रिटायर झालो. निरोपाला शाल, नारळ, भाषणं होणार हे धरलेलंच होतं. मृणाल मॅडम नागपूरहून आल्या. आता त्या स्वतःच फेलोंना शिकवतात, आणि आमच्याकडचं बोलणंही शिकल्या आहेत. भाषणं सुरू व्हायच्या आधी त्यांनी मला हाताला धरून प्रयोगशाळेत नेलं. टेबलावर बर्फाचं ताट, ताटात गुर्दा, चरबीत लडबडलेला. भोवती नवे फेलो. युसूफभाईपण पांढरा सदरा घालून भिंतीला टेकून उभा.

"किसनभाऊ," मॅडम म्हणाल्या, "आज तुमची परीक्षा. करा साफ."

मी चरबीला कात्री लावून किती वर्षं झाली होती! चष्मा तोच, जुना. डोळ्यांवर चढवला. हाताला सगळं आठवत होतं. वरची चरबी सोडवली, मोठी धमनी, शीर, मोकळी केली. युसूफभाई मागून म्हणाला, "वा." अंगात याडीचा कापूस आला हो. बोटं आपोआप खाली, त्या तिकोनी तुकड्याकडे निघाली. तेवढा काढला की गुर्दा लख्ख, देशात मिळणार नाही असा. कात्री उघडली. चरबीत काही दिसत नव्हतं. दोनदा बघितलं, पाणी सोडून बघितलं, काही नाही. मॅडमनी आत काही शिवलं होतं की नव्हतं, त्यांच्या तोंडावरून कळेना.

"आहे का त्यात?" त्यांनी विचारलं.

"दिसत नाही."

"मग काढा की."

मी कात्री मिटली आणि ताटात ठेवली. "नाही मॅडम. हे असंच राहू द्या."

कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत, बरं झालं. मॅडम फेलोंकडे वळून नुसतं "बघितलं?" म्हणाल्या, आणि मला भाषणांना घेऊन गेल्या. त्या चरबीत काय होतं ते मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही. शाल खांद्यावर घेऊन, पेढा तोंडात घालून मी घरी आलो. शेवंतानं विचारलं, "काय केलं आज?" मी म्हटलं, "एक गुर्दा घाण ठेवला." ती म्हणाली, "अन् त्याच्यासाठी शाल?" मी म्हटलं, "हव, त्याच्यासाठीच."